भ्रूणात लढणाऱ्या पेशीच नाहीत, मग दाह कुठून येतो?

प्रश्न विचारणाऱ्या ताई ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतात. त्यांचा सातवा आठवडा चालू आहे. दिवस गेल्याचं कळण्याआधी, पाचव्या आठवड्यात, मैत्रिणीच्या संगीताला त्यांनी तीन ग्लास वाइन घेतली. मग कुठेतरी वाचलं की दारूमुळे भ्रूणात दाह, म्हणजे इन्फ्लमेशन होतं आणि त्यातून मेंदूला इजा होते. त्यांच्या शंका तीन. एवढ्याशा भ्रूणात प्रतिकार करणाऱ्या पेशीच नसतात, तर दाह होणार कसा? झाला असेल तर हळदीच्या कॅप्सूल किंवा सूज उतरवणारी एखादी गोळी घेऊ का? आणि सासूबाईंनी बाळंतपणासाठी दशमूलारिष्टाच्या बाटल्या सांगून ठेवल्यात, त्यात दारू असते हे खरं का?

मी नाशिकला नवजात बाळांचा डॉक्टर आहे. द्राक्षांच्या आणि आता वाइनच्या गावात राहतो, त्यामुळे पहिल्या दोन प्रश्नांची सवय आहे. फक्त ते विचारताना समोरच्या बाईचा आवाज खाली गेलेला असतो. दवाखान्यात रुळण्याआधी तीन वर्षं मी प्रयोगशाळेत उंदरांच्या पिल्लांच्या मेंदूचे काप पाहत पेशी मोजायचो, म्हणून दाहाबद्दल जरा जास्तच बोलेन. ज्यांना फक्त 'आता करू काय' एवढंच हवं आहे त्यांनी हळदीपासून पुढे वाचलं तरी चालेल.

आधी आठवड्यांचा हिशेब, कारण निम्मी घबराट तिथून सुरू होते. तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. भ्रूणशास्त्राची पुस्तकं मोजतात ती गर्भधारणेपासून. दोन्हींत दोन आठवड्यांचा फरक. म्हणजे तुमचा पाचवा आठवडा हा भ्रूणाच्या वयाचा तिसरा आठवडा. त्या दिवसांत तो असतो जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटर लांबीची एक चकती, आणि त्या चकतीचे तीन थर पडत असतात. हृदय अजून धडधडायला लागलेलं नसतं. वार (प्लॅसेंटा) नीट बसलेली नसते. पण दारूला वारेची वाट पाहावी लागत नाही. तिचा रेणू इतका लहान, आणि पाण्यातही विरघळणारा आणि चरबीतही, की कुठल्याही पडद्यातून तो सहज आरपार जातो. १५० मिलिलिटरच्या एका ग्लासात साधारण १५ ग्रॅम अल्कोहोल, तीन ग्लासांत ४५. ते शरीरातून पूर्ण जायला सहा-सात तास लागतात, आणि तेवढा वेळ भ्रूणाभोवतीही जवळपास तुमच्या रक्तातलंच प्रमाण असतं.

हा तिसरा आठवडा महत्त्वाचा ठरला तो १९८१ साली. अमेरिकेत कॅथलीन स्युलिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाभण उंदरिणींना सातव्या दिवशी, म्हणजे माणसाच्या याच तिसऱ्या आठवड्याशी जुळणाऱ्या वेळी, दारू टोचली. पिल्लांचे चेहरे बदलले: डोळ्यांच्या फटी लहान, वरचा ओठ पातळ, नाकाखालची पन्हळ सपाट. हाच चेहरा फ्रान्समध्ये नांत इथले बालरोगतज्ज्ञ पॉल लमोआन यांनी १९६८ साली १२७ मुलांच्या अभ्यासात नोंदवला होता, पण त्यांचा लेख फ्रेंच असल्यामुळे जगाने तो वाचलाच नाही. १९७३ मध्ये सिएटलच्या केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ यांनी त्याला 'फीटल अल्कोहोल सिंड्रोम' हे नाव दिलं. स्युलिकबाईंचा प्रयोग वाचून घाबरू नका. त्या उंदरिणींना चार तासांच्या अंतराने दोनदा जेवढी दारू टोचली होती तेवढी माणसाने घेतली तर तो उभाही राहू शकणार नाही.

आता तुमची शंका. ती रास्त आहे, आणि वर्गात विचारली असती तर मी शाबासकी दिली असती. तिसऱ्या आठवड्यातल्या त्या चकतीत दाह पेटवणाऱ्या पेशी नसतातच. तेव्हा दारू जी इजा करते ती सरळसोट असते. दारूचं ॲसिटाल्डिहाइड नावाचं विषारी रसायन होतं, ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू तयार होतात. मोठ्या माणसाच्या यकृतात त्यांना आवरणारी यंत्रणा असते, भ्रूणाकडे ती फारच तुटपुंजी. त्यातून काही पेशी स्वतःला संपवतात. ज्या पेशींपासून पुढे चेहऱ्याची हाडं आणि कवटीतल्या काही नसा बनतात, त्या न्यूरल क्रेस्टच्या पेशी यात सगळ्यात नाजूक. याला मी दाह म्हणणार नाही. वाचलेल्या लेखात हे सगळं एकाच शब्दाखाली कोंबलं असेल तर तो लेख घाईत लिहिलेला आहे.

दाहाची गोष्ट सुरू होते ती यानंतर, आणि ती सुरू होते पीतकोशात. तुम्हाला आठवत असेल, कोंबडीच्या अंड्यात जो पिवळा बलक असतो त्याचा आपल्यातला वारसदार म्हणजे ही लहानशी पिशवी. तिच्यात पोषण फारसं नसतं, पण पहिलं रक्त तिथे बनतं. अस्थिमज्जा तयार होण्याच्या कितीतरी आधी तिथून काही भक्षक पेशी निघतात आणि मेंदूची नळी जेमतेम मिटतेय तोवर तिच्यात शिरतात. उंदरात हे साडेनवव्या दिवसाच्या आसपास होतं. माणसात भ्रूणाच्या वयाच्या चौथ्या-पाचव्या आठवड्यात. यांनाच पुढे मायक्रोग्लिया म्हणतात. २०१० साली हे पक्कं सिद्ध झालं, त्याआधी कित्येक वर्षं आम्ही विद्यार्थ्यांना 'त्या अस्थिमज्जेतून येतात' असं शिकवत होतो, मीही शिकवलंय. या पेशी मेंदूतल्या मूळ वतनदार. एकदा वसल्या की तिथेच राहतात, तिथेच वाढतात, बाहेरून नवी भरती जवळपास होत नाही. त्यामुळे त्यांच्या लहानपणी त्यांना जे वळण लागलं ते पुसायला दुसरं कुणी येत नाही.

आणि या पेशी मेंदूत बसून जंतूंची वाट पाहत नाहीत. त्या बांधकामावर असतात. मेलेल्या पेशी उचलणं, जास्तीच्या जोडण्या छाटणं, कुठे नव्या पेशी हव्यात कुठे नकोत याचे निरोप देणं. इथे 'दाह' हा आपला शब्दच थोडा फसवतो. दाह म्हटलं की लाल, गरम, सुजलेलं, ठणकणारं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. भ्रूणात त्यातलं काहीच नसतं. असतात ते फक्त तेच रेणू, सायटोकाइन आणि केमोकाइन, जे मोठ्या माणसात धोक्याची सूचना देतात. भ्रूणात त्यांची कामं निराळी आहेत. सीएक्ससीएल-१२ नावाचा केमोकाइन कोवळ्या चेतापेशींना 'इकडून जा' अशी वाट दाखवतो. आयएल-६ च्या घराण्यातले रेणू मूळपेशींना सांगतात की आता चेतापेशी बनवणं पुरे, आधारपेशी बनवायला घ्या. रक्तात जंतूंवर चिकटणारी कॉम्प्लिमेंटची प्रथिनं मेंदूत नको असलेल्या जोडण्यांवर खूण करतात, आणि मायक्रोग्लिया त्या छाटतात.

गिरणगावातल्या जुन्या माणसांना विचारा, ते भोंग्याचं सांगतील. त्याच भोंग्यावर पाळी सुरू व्हायची, त्याच भोंग्यावर सुटायची, आणि आग लागली तरी तोच. आता समजा तो पहाटे दोनला वाजला. आग नाहीये. पण अर्धी वस्ती उठून डबा घेऊन गेटावर हजर, आणि खरी पाळी सुरू व्हायच्या वेळी खात्यात माणसं पेंगुळलेली. भ्रूणातला दाह मला असा दिसतो. जळण्यापेक्षा वेळ चुकण्याचं नुकसान मोठं.

हा अवेळी भोंगा वाजवतं कोण? पहिली आई स्वतः. भरपूर दारू एका बैठकीत घेतली की आतड्याचं अस्तर झिरपायला लागतं आणि आतल्या जंतूंच्या कवचाचे तुकडे, एंडोटॉक्सिन, रक्तात उतरतात. आईचं यकृत आणि तिच्या पांढऱ्या पेशी ते ओळखतात आणि आयएल-६, टीएनएफ वगैरे सायटोकाइन सोडतात. यात भ्रूणाला जंतू दिसतही नाही, पण आईच्या रक्तातला कल्ला पोचतो. तो एकटाच पुरेसा असतो का? २००७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पॉल पॅटरसन यांच्या प्रयोगशाळेने गाभण उंदरिणींना ना जंतू दिला ना दारू, फक्त आयएल-६ चं एक इंजेक्शन गर्भाच्या साडेबाराव्या दिवशी दिलं. पिल्लं मोठी झाल्यावर त्यांच्या वागण्यात फरक होता. एक इंजेक्शन, एकदाच.

दुसरी वार. आम्ही बाळंतपणानंतर वार तपासतो, वजन करतो, पूर्ण आली का पाहतो आणि टाकून देतो. तिच्यात काय घडून गेलं हे बघायची सवय आम्हाला फारशी नाही. तिच्यात भ्रूणाच्या बाजूच्या भक्षक पेशी असतात, हॉफबाउर पेशी, आणि वारेच्या आवरणाला धोका ओळखणारे ग्राहकही (रिसेप्टर) असतात. दारूने वारेच्या रक्तवाहिन्या आकसतात, प्राणवायू कमी पोचतो, आणि तिथल्या पेशी स्वतःहून निरोप सोडायला लागतात. मोठ्या प्रमाणात दारू घेणाऱ्या आईचं बाळ वजनाने लहान का, याचं एक कारण इथे आहे.

तिसरा स्रोत भ्रूणाचा मेंदूच, आणि माझी तीन वर्षं तिथे गेली. पेशींच्या पृष्ठभागावर टीएलआर-४ नावाचा ग्राहक असतो. तो बनलाय जंतूंच्या कवचाचे तुकडे ओळखायला, पण दारूच्या हजेरीतही तो जागा होतो. त्याच्यामागून एनएफ-कप्पा-बी नावाचा पेशीतला मुकादम कामाला लागतो आणि दाहाच्या जनुकांना हाक मारतो. स्पेनमधल्या वालेन्सिया शहरात कॉन्सुएलो गेर्री यांच्या गटाने अनेक वर्षं यावर काम केलं. २०१७ साली त्यांनी दाखवलं ते असं: दारू प्यायलेल्या उंदरिणीच्या रक्तात, गर्भजलात आणि पिल्लाच्या कोवळ्या मेंदूतही सायटोकाइन वाढतात, पिल्लं मोठी झाल्यावर बुजरी होतात, स्मरणात कमी पडतात. ज्या उंदरांत टीएलआर-४ चं जनुकच काढून टाकलं होतं, त्यांच्यात यातलं बरंचसं झालं नाही. दारू तेवढीच, इजा कमी. दाह हा नुसता इजेबरोबर आलेला धूर नाही, इजा करण्यात त्याचा हात आहे, हे सांगणारा यापेक्षा स्वच्छ पुरावा मला माहीत नाही.

पण मला त्याहून जास्त विचारात पाडलं ते न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या सारा लायबोविट्झ यांच्या कामाने. त्यांनी गाभण रॅटना थोडी ते मध्यम दारू दिली. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये चेतापेशी मेल्या नाहीत, उलट भूक आणि ओढ वाढवणाऱ्या विशिष्ट चेतापेशी जास्त तयार झाल्या. ही पिल्लं मोठी झाल्यावर स्वतः जास्त दारू प्यायची. हे घडवून आणण्यात सीसीएल-२ हा दाहाचा केमोकाइन होता. आईला दारूऐवजी नुसता सीसीएल-२ दिला तरी त्याच चेतापेशी वाढल्या. म्हणजे भोंगा वाजला आणि माणसं मेली नाहीत, एका खात्यात जास्त झाली. सोनोग्राफीत हे दिसणार नाही, चेहऱ्यावर दिसणार नाही, वजनातही नाही.

इथे एक गुंता सांगायलाच हवा, कारण 'दारू म्हणजे दाह वाढणार' असं सरळ गणित मांडलं की ते तोंडघशी पाडतं. गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत मेंदू झपाट्याने वाढतो. उंदरा-रॅटांत हा काळ जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात येतो, म्हणून प्रयोग पिल्लांवर करतात. २००० साली जॉन ओल्नी यांच्या गटाने दाखवलं की सात दिवसांच्या पिल्लांना दारू दिली की मेंदूतल्या चेतापेशी लाखोंनी स्वतःला संपवतात. नंतर अर्कान्सामध्ये सिंथिया केन आणि पॉल ड्र्यू यांनी लहान मेंदू तपासला. त्यांना तिथे मायक्रोग्लियाच मेलेल्या आढळल्या, आणि उरलेल्या बिथरलेल्या. म्हणजे पहारेकरी एकाच वेळी कमी आणि जास्त चिडके. मी ज्या काचपट्ट्या मोजायचो त्यांवरही असंच दिसायचं: पेशी विरळ, पण ज्या आहेत त्या हातपाय आखडून गोळा झालेल्या. पहिले दोन महिने मला वाटायचं माझं मोजण्यात चुकतंय.

आणि जन्मानंतर? मोठ्या प्रमाणात दारूशी संपर्क आलेल्या बाळांना जंतुसंसर्ग जास्त होतात. फुप्फुसातल्या भक्षक पेशी जंतू नीट गिळत नाहीत, लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा प्रतिसाद फिका असतो. वरवर हे दाह वाढण्याच्या उलट वाटतं. पण लहानपणी अवेळी उठवलेला पहारेकरी मोठेपणी गरजेला झोपतो आणि नको तिथे अंगावर येतो, दोन्ही करतो. प्राण्यांत हेच दिसतं: पोटात असताना दारूशी गाठ पडलेल्या पिल्लांना मोठेपणी जंतूचा किंवा ताणाचा धक्का दिला की त्यांचा दाह इतरांपेक्षा जास्त भडकतो आणि उशिरा शमतो.

माणसातला पुरावा यापेक्षा दुरून घ्यावा लागतो, कारण पोटातल्या बाळाच्या मेंदूत सुई घालून कोणी पाहणार नाही. त्यातल्या त्यात चांगला अभ्यास युक्रेनमधला. तिथे गर्भवतींचं रक्त दुसऱ्या आणि तिसऱ्या तिमाहीत घेऊन सायटोकाइन मोजले, आणि पुढे त्यांच्या मुलांची वाढ पाहिली. २०१८ मध्ये तमारा बॉडनार, जोआन वाइनबर्ग आणि सहकाऱ्यांनी ते मांडलं. एकेका सायटोकाइनच्या आकड्यापेक्षा त्यांचं आपसातलं नातं महत्त्वाचं निघालं. ज्यांची मुलं मागे पडली त्या आयांच्या रक्तातलं हे जाळं वेगळं होतं, आणि दारू घेऊनही ज्यांची मुलं ठीक होती त्यांचं पुन्हा निराळं. म्हणून कुणी 'सीआरपी (दाह दाखवणारी रक्ततपासणी) करून घ्या, आयएल-६ तपासा, कळेल बाळाला काय झालंय' म्हणालं तर पैसे घालवू नका. या कामासाठी तशी रक्ततपासणी नाही.

तेवढीच दारू, तरी एका बाळाला होतं आणि दुसऱ्याला नाही, असं का? जुळ्यांचा एक जुना अभ्यास मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. आई एक, पोट एक, दारू एक. एकसारख्या जुळ्यांच्या पाचही जोड्यांत दोघांचं निदान सारखं आलं. वेगळ्या जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी सातच जोड्यांत सारखं, चारांत एकाला जास्त आणि दुसऱ्याला कमी. अंगच्या जनुकांचा वाटा इतका. त्यावर आईचं वय, तंबाखू, आणि पोषण. आमच्याकडे दारूपेक्षा मिश्री कितीतरी जास्त दिसते. 'व्यसन आहे का' विचारलं तर बाई नाही म्हणते, कारण मिश्री तिच्या लेखी दात घासणं असतं. नावानिशी विचारावं लागतं.

आणि लोह. हा माझा हट्टाचा विषय आहे, थोडं थांबतो. दाह झाला की यकृत हेपसिडिन नावाचं संप्रेरक सोडतं. त्याचं काम लोह कुलुपात ठेवणं, कारण जंतूंनाही लोह लागतं. अमेरिकेत सुझन स्मिथ यांच्या प्रयोगशाळेने रॅटांत दाखवलं की आईला दारू दिली की पिल्लाच्या यकृतात हेपसिडिन वाढतं, लोह यकृतातच अडकून पडतं आणि मेंदूला कमी मिळतं. त्यांनीच हेही दाखवलं की आईला आधीच लोह कमी असेल तर तेवढ्याच दारूने पिल्लाचं शिकणं कितीतरी जास्त बिघडतं. आता आपल्याकडे बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत भारतातल्या ५२.२ टक्के गर्भवती रक्तक्षयी निघाल्या. त्याच सर्वेक्षणात १५ वर्षांवरच्या बायकांपैकी दारू घेतो असं सांगणाऱ्या फक्त १.३ टक्के. म्हणून लोक म्हणतात हा आपला प्रश्न नाही. पण ज्या घेतात त्यांच्यातली निम्मी शरीरं आधीच लोहाला वखवखलेली असू शकतात, हे त्या छोट्या आकड्यामागे लपतं.

बरं, हळद. भाजीत, दुधात घालता तेवढी घाला. कॅप्सूल नको. त्यांत करक्युमिनचा अर्क असतो, शोषण वाढवायला मिऱ्याचा अर्क घातलेला असतो, आणि गर्भारपणात ते मुद्दाम घेण्याला आधार नाही. वर सांगितलं ते पुन्हा डोळ्यांपुढे आणा: हेच निरोप बांधकामाचेही आहेत. अवेळी वाजलेला भोंगा बंद करायला गिरणीचीच वीज तोडायची नसते. इबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या तर मुळीच स्वतःच्या मनाने नकोत. विसाव्या आठवड्यानंतर त्यांनी बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं, आणि शेवटच्या तिमाहीत बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी अकाली मिटू शकते. मात्र डॉक्टरांनी रक्तदाबाच्या धोक्यासाठी कमी मात्रेचं ॲस्पिरिन दिलं असेल तर हे वाचून ते बंद करू नका, ती वेगळी गोष्ट. वर ज्या केन आणि ड्र्यू यांचं नाव आलं त्यांनी मधुमेहाच्या पायोग्लिटाझोन या गोळीने उंदरांच्या पिल्लांतला हा दाह रोखून दाखवला होता. ते प्रयोगशाळेतच राहू दे. मागे एकजण तो लेख छापून घेऊन माझ्याकडे आला होता, बायकोला द्यायची का विचारत.

कोलीन या अन्नातून मिळणाऱ्या पोषकद्रव्याबद्दल मात्र मी आशेने बोलतो. केपटाऊनमध्ये जास्त दारू पिणाऱ्या गर्भवतींना मधल्या महिन्यांपासून बाळंतपणापर्यंत रोज दोन ग्रॅम कोलीन देऊन पाहिलं. त्यांच्या बाळांचं सुरुवातीचं शिकणं आणि वजन व डोक्याचा घेर भरून येणं, दोन्ही कोलीन न मिळालेल्यांपेक्षा चांगलं निघालं. तो अभ्यास लहान होता आणि मात्रा औषधासारखी होती, तुम्हाला त्याची गरज नाही. गर्भवतीला रोज साधारण ४५० मिलिग्रॅम कोलीन लागतं आणि एका अंड्यात त्यातलं जवळपास दीडशे असतं. खात असाल तर दोन अंडी, नसाल तर सोयाबीन, शेंगदाणे, दूध, हरभरे यांतून थोडं थोडं.

तुमच्या तीन ग्लासांबद्दल माझं मत असं. गर्भारपणात 'इतकी चालेल' अशी मात्रा कुणीही ठरवू शकलेलं नाही, म्हणून यापुढे शून्य. झालेल्या गोष्टीचा धोका लहान आहे. २०१७ मध्ये जगभरच्या अभ्यासांवरून असा अंदाज निघाला की गर्भारपणात दारू घेतलेल्या साधारण १३ बायकांमागे एका बाळाला दारूमुळे होणारा कुठला ना कुठला विकार होतो. त्या तेरांत रोज पिणाऱ्याही मोजल्या आहेत, फक्त एका संध्याकाळच्याच नव्हे. या एका कारणावरून गर्भ काढण्याचा विचार करू नका. मला हे लिहावं लागतंय, कारण माझ्याकडे यायच्या आधी तो सल्ला मिळालेल्या बायका मी पाहिल्यात. तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना तारीख आणि प्रमाण स्पष्ट सांगा, फाइलवर लिहायला सांगा. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही, म्हणजे लोहाचा साठा, तपासून घ्या. फॉलिक ॲसिड चालू असेलच. अठरा-वीस आठवड्यांची सोनोग्राफी नेहमीसारखी करा, पण ती स्वच्छ आली की मेंदूच्या बारीक जोडण्यांचं प्रमाणपत्र मिळालं असं समजू नका. ती त्यासाठी नसते. बाळाची वाढ आम्ही बालरोगतज्ज्ञ तसेही टप्प्याटप्प्याने पाहतो. आणि हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला रोजची सवय असेल, तर एका रात्रीत एकटीने बंद करू नका. हात थरथरणं, झटके येणं यांची भीती असते आणि झटका बाळालाही धोक्याचा. डॉक्टरांच्या देखरेखीत चार-आठ दिवसांत ते सुखरूप होतं.

जाता जाता एक चडफड. २०१९ पासून आपल्या बाटल्यांवर 'मद्यपान आरोग्यास हानिकारक, पिऊन गाडी चालवू नका' अशा अर्थाचा इशारा सक्तीचा आहे. त्यात गर्भवतीचा उल्लेख नाही. फ्रान्समध्ये, जिथे वाइन जेवणाचा भाग आहे, बाटलीवर गर्भवतीचं काट मारलेलं चित्र २००७ पासून आहे.

राहिलं दशमूलारिष्ट. सासूबाईंना आणि तुम्हाला, दोघींनाही थोडं थोडं बरोबर ठरवतो. आसवं आणि अरिष्टं आंबवून बनतात, त्यांत आपोआप तयार झालेलं अल्कोहोल असतं आणि बाटलीवर तसं लिहिलेलंही असतं. समजा आठ टक्के धरलं तर २० मिलिलिटरच्या मात्रेत सव्वा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे तुमच्या एका ग्लासाच्या बाराव्या भागाएवढं. ही काही पार्टी नाही. पण दिवसातून दोनदा, चाळीस दिवस, असा तो हिशेब असतो, आणि आईच्या दुधातलं अल्कोहोल तिच्या रक्ताइतकंच असतं. पोटात बाळ असेपर्यंत ते नकोच. बाळंतपणानंतर घ्यायचंच झालं तर वैद्यांना विचारून दशमुळांचा ताजा काढा घ्या. मुळं तीच, आंबवणं नाही. सासूबाईंना 'डॉक्टर नको म्हणाले' सांगण्यापेक्षा 'काढा करून द्याल का' असं विचारलंत तर बाटल्यांचा विषय बहुधा निघणारही नाही.